तीनशे नॅनोमीटरचे सारखे कण : जून ते जानेवारी

सिंधुदुर्गातील किनाऱ्याजवळच्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. पीएच.डी.च्या कामाचा पहिला टप्पा म्हणून १२ जून २०२३ रोजी मार्गदर्शक सरांनी माझ्यापुढे एकच उद्दिष्ट ठेवले. सिलिकाचे, म्हणजे वाळूतील मुख्य घटकाचे, गोल कण तयार करायचे, त्यांचा सरासरी व्यास ३०० नॅनोमीटरच्या आसपास हवा आणि आकारातील प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा साधारण फरक, सरासरीच्या ५ टक्क्यांच्या आत हवे. एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे ३,३०० कण ओळीने बसतात, आणि ते सगळे जवळजवळ एकाच मापाचे हवेत, हे ऐकून मी घरी आले तेव्हा मनात धास्तीच जास्त होती. आमच्या प्रयोगशाळेत वातानुकूलन नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही आणि पावसाळ्यात भिंतींना हात लावला तर ओल हाताला येते. हे काम जानेवारीत पूर्ण झाले. लहान गावांतील महाविद्यालयांत असे काम हाती घेणाऱ्यांना पुढे काय येते याची कल्पना असावी, म्हणून जसे घडले तसे क्रमाने लिहिते आहे.

पहिला आठवडा वाचनात गेला. असे कण करण्याच्या कृतीचे मूळ जर्मनीतील गेरहार्ड कोल्बे यांच्या १९५६च्या प्रबंधात आहे, पण ती सर्वत्र ओळखली जाते ती वेर्नर श्टोबर, आर्थर फिंक आणि अर्न्स्ट बोन यांच्या १९६८च्या शोधनिबंधामुळे. टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट, म्हणजे टीईओएस, हा पाण्यासारखा दिसणारा द्रव इथेनॉलमध्ये मिसळायचा आणि त्यात पाणी व अमोनिया घालायचा, एवढीच ती कृती. पाण्यामुळे टीईओएसच्या रेणूवरील इथॉक्सी गट सुटून त्यांच्या जागी हायड्रॉक्सिल गट येतात आणि इथेनॉल बाहेर पडते. मग असे रेणू एकमेकांशी जुळून सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असे बंध तयार होतात. अमोनिया या दोन्ही क्रियांना वेग देतो आणि त्याच वेळी माध्यम अल्कधर्मी ठेवतो, त्यामुळे कणांच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार राहतो आणि ते एकमेकांना दूर ढकलतात. अल्कधर्मी द्रावणात गोल, सुटे कण मिळण्यामागे हा प्रभार आहे.

हे सगळे पुस्तकात होते. पण कण सारखे का होतात, हे मला नीट उलगडले ते ला मेर आणि डिनेगर यांनी १९५० साली गंधकाच्या कलिलांवरून (द्रवात तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म कणांवरून) मांडलेल्या विचारामुळे. द्रावणात विरघळलेल्या सिलिकाचे प्रमाण वाढत वाढत एका मर्यादेपलीकडे गेले की अचानक असंख्य केंद्रके, म्हणजे कणांची पहिली बीजे, जन्माला येतात. त्यांच्या जन्मामुळेच ते प्रमाण मर्यादेखाली उतरते, नवी केंद्रके बनणे थांबते आणि यापुढे तयार होणारा सगळा सिलिका आधीच्याच कणांवर बसत जातो. जन्माचा काळ जेवढा आखूड, तेवढे कण सारखे. कण २० नॅनोमीटरचा असताना ५ नॅनोमीटरचा फरक मोठा असतो, पण ३०० नॅनोमीटरला तोच फरक नगण्य ठरतो. बोगश आणि झुकोस्की यांनी पुढे वेगळे चित्र मांडले: सुरुवातीचे काही नॅनोमीटरचे कण स्वतः टिकत नाहीत, ते एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पुरेसा प्रभार आला की स्थिरावतात, त्यानंतर जन्मणारे चिमुकले कण या मोठ्यांकडूनच गिळले जातात. सरांच्या चर्चेत या दोन मतांवर बराच वेळ गेला. मला कामापुरती महत्त्वाची वाटली ती दोन्हींतील समान गोष्ट: टिकणाऱ्या कणांची संख्या पहिल्या काही मिनिटांत ठरून जाते आणि नंतरचे तास फक्त वाढीचे असतात.

हे मी आमच्या प्रयोगशाळा सहायक काकांना जुलैच्या पहिल्या आठवड्यात सांगत होते. ते सकाळी भाताची लावणी करून, पायाचा चिखल धुऊन कामावर येत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "एका दिसान पेरलेलो तरवो एकाच उंचीक येता, मॅडम. मागसून टाकलेलो कधीच गाठणा नाय." तरवो म्हणजे भाताची रोपे. त्या वेळी मी मान डोलावली. त्या वाक्याचा पुरता अर्थ मला ऑक्टोबरात कळला.

आता खरेदीविषयी, कारण सर्वांत जास्त दिवस तिथेच गेले. ३ जुलैला मागणीपत्र दिले. तीन पुरवठादारांची दरपत्रके, त्यांचा तुलनात्मक तक्ता आणि खरेदी समितीची १४ जुलैची मंजुरी एवढे झाल्यावर टीईओएसच्या २५० मिलिलिटर बाटलीची (१,८५० रुपये) आणि २५ टक्के अमोनियाच्या बाटलीची (२९० रुपये) मागणी गेली. पुरवठादाराला पैसे आगाऊ हवे होते आणि महाविद्यालयाचा नियम माल आल्यावर पैसे देण्याचा होता, म्हणून मी स्वतः भरले. अशा वेळी बिल महाविद्यालयाच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासहच घ्यावे. माझे पहिले बिल माझ्या नावाने निघाले आणि ते बदलून घेण्यात तीन आठवडे गेले.

निर्जल इथेनॉलची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात ते राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवानगीशिवाय ठेवता येत नाही, आणि आमच्या विभागाने याआधी ते कधी मागवलेच नव्हते. ५ जुलैला मी ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयी, अर्ज दिला. त्यात वार्षिक गरजेच्या रकान्यात मी "आवश्यकतेनुसार" असे लिहिले होते, त्यामुळे अर्ज परत आला, आणि ते योग्यच होते. दुसऱ्या अर्जात वर्षाला १० लिटर असा स्पष्ट आकडा, कशासाठी लागणार याचे प्राचार्यांच्या सहीचे पत्र, साठवणुकीच्या खोलीचा नकाशा आणि कुलूपबंद कपाटाचा उल्लेख असे सगळे जोडले. निरीक्षक येऊन कपाट पाहून गेले. २९ ऑगस्टला परवानगी हातात पडली. पृष्ठ क्रमांक घातलेली साठा नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि प्रयोगात वापरलेला प्रत्येक मिलिलिटर त्याच दिवशी लिहावा. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिले तर बेरीज जुळत नाही.

वाट पाहण्याचे ते आठ आठवडे वाया गेले असे मात्र नाही. काचेच्या भांड्यांवर आधीच्या प्रयोगांतील सिलिकाचा अदृश्य थर असला तर तोच नव्या कणांसाठी बीज ठरतो, म्हणून सर्व शंकुपात्रे कोमट, सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने धुऊन, ऊर्ध्वपातित पाण्याने सात-आठ वेळा खळबळून ओव्हनमध्ये वाळवली. टीईओएसची बाटली एकदा उघडली की कोकणातील दमट हवेत तिच्या झाकणाभोवती पांढरी खपली धरते. ती खपली आत पडू नये म्हणून मी लागेल तेवढा द्रव लहान कोरड्या बाटल्यांत काढून त्या शुष्कपात्रात, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवल्या. याच दिवसांत कासार्ड्याच्या बाजूच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, आमच्याकडसून डंपर भरान वाळू जाता, मगे तुम्ही ही बाटलयेत कित्याक करतास?" प्रश्न अगदी रास्त होता. कासार्डे परिसरातील वाळू आणि माझे कण हे दोन्ही सिलिकाच. पण वाळूतील क्वार्ट्‌झमध्ये अणूंची स्फटिकी रचना असते आणि तिचे दाणे खडकाच्या झिजेतून वेडेवाकडे होतात, तर द्रावणात वाढणारा कण आतून अस्फटिकी असतो आणि सर्व बाजूंनी सारखाच वाढल्यामुळे गोल होतो.

पहिला प्रयोग ४ सप्टेंबरला केला. १०० मिलिलिटर मिश्रणासाठी माझे प्रमाण असे होते: इथेनॉल ८३, ऊर्ध्वपातित पाणी ६.२, अमोनिया ६.७ आणि टीईओएस ३.८ मिलिलिटर. अमोनियाच्या द्रावणात तीन चतुर्थांश वजन पाण्याचेच असते, ते हिशोबात धरले तर एकूण पाणी लिटरमागे ६ मोल (रेणूंच्या संख्येचे एकक) होते. हे पाणी धरायला विसरणे ही नवख्या माणसाची नेहमीची चूक आहे. बोगश, ट्रेसी आणि झुकोस्की यांनी १९८८ साली प्रयोगांवरून बसवलेल्या सूत्रात हे आकडे घातले की २५ अंश सेल्सिअसला व्यास ३०० नॅनोमीटरच्या जवळ येतो. फ्यूम हूडखाली, गॉगल आणि हातमोजे घालून, आधी इथेनॉल, पाणी आणि अमोनिया ढवळत ठेवले आणि टीईओएस एका झटक्यात ओतले. ते थेंबाथेंबाने घातले तर जन्माचा काळ लांबतो.

त्यानंतरची मिनिटे मी विसरणार नाही. शंकुपात्रामागे काळा कागद धरला होता. तीन मिनिटे द्रावण पाण्यासारखे नितळ होते. चौथे मिनिट सरताना त्यात निळसर झाक आली, इतकी पुसट की मी काकांना बोलावून खात्री करून घेतली. मग ती झाक दाट होत गेली, साधारण दहाव्या मिनिटाला पातळ ताकासारखी आणि अर्ध्या तासाने पूर्ण दुधासारखी. लहान कण निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून आधी निळे दिसते, आणि कण वाढले की सगळेच रंग विखुरले जाऊन पांढरे दिसते. निळसर झाक दिसेपर्यंतचा वेळ दर प्रयोगाला घड्याळ लावून लिहून ठेवावा. पैसे न पडता मिळणारी ती मोलाची नोंद आहे.

दुसऱ्या दिवशी सेंट्रिफ्यूजमध्ये कण खाली बसवून, वरचा द्रव काढून, इथेनॉलमध्ये पुन्हा मिसळून असे तीन वेळा धुतले. सगळे कण वाळवून पूड करू नये. वाळताना ते एकमेकांना धरतात आणि मग पुन्हा सुटे करणे फार कठीण जाते. सरांच्या सांगण्यावरून एक थेंब काचपट्टीवर ठेवून सावकाश वाळू दिला. खिडकीच्या उजेडात धरला तर त्यावर हिरवी चमक होती. सारखे गोलक थरांवर थर रचून नीट बसले की त्या रचनेवरून ठरावीक रंगाचाच प्रकाश परततो. मौल्यवान ओपल रत्नाचा रंग असाच येतो, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९६४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. कण सारखे नसतील तर रचना बसत नाही आणि डाग खडूसारखा पांढरा दिसतो. म्हणजे माझे कण सारखे होते. पण मी हिशोब मांडला तेव्हा आनंद थोडा ओसरला: ३०० नॅनोमीटरच्या गोलकांनी सरळ पाहताना लाल रंग द्यायला हवा, आणि हिरवा रंग २३५च्या आसपास येतो.

गणपतीच्या सुट्टीमुळे आणि मुंबईतील उपकरण केंद्रात वेळ मिळेपर्यंत खात्री व्हायला १२ ऑक्टोबर उजाडला. आदल्या रात्री कुडाळहून कोकणकन्येने निघाले, बाटली हातातल्या पिशवीत. एका नमुन्याचे ९०० रुपये आणि वर जीएसटी धरून १,०६२ रुपये लागले. पडद्यावर पहिले चित्र आले तेव्हा मी नि:शब्द झाले. चार महिने ज्यांच्याविषयी फक्त वाचले होते ते गोल खरोखर समोर होते, एकमेकांना टेकून बसलेले. सरासरी व्यास भरला २३६ नॅनोमीटर.

परतीच्या गाडीतच मी ठरवले की याच कणांना बीज मानून वाढवायचे. हिशोब सोपा आहे. आकारमान व्यासाच्या घनावर अवलंबून असते, त्यामुळे २३६ वरून ३०० वर जायला सिलिका दुपटीहून थोडा जास्त लागतो. म्हणजे तेवढ्याच मिश्रणात आणखी सुमारे ४ मिलिलिटर टीईओएस. १६ ऑक्टोबरला मी तशाच नव्या मिश्रणात ते सगळे एकदम ओतले, पहिल्या वेळी तसे केल्याने चांगले झाले होते म्हणून. काचपट्टीवर वाळलेला डाग पांढरा निघाला, पूर्ण पांढरा. दोनदा पुन्हा केले तरी तेच. जुने कण जेवढा सिलिका सामावून घेऊ शकत होते त्याहून जास्त वेगाने तो तयार झाला, प्रमाण पुन्हा त्या मर्यादेपलीकडे गेले आणि नव्या केंद्रकांची दुसरी पिढी जन्मली. जानेवारीत या नमुन्याचे चित्र पाहिले तेव्हा नारळांच्या ढिगात सुपाऱ्या सांडाव्यात तसे ते दिसत होते. काकांचा मागाहून टाकलेला तरवा तो हाच. जन्माच्या वेळी घाई हवी आणि वाढीच्या वेळी धीर हवा. मी दोन्ही वेळा घाई केली होती.

दिवाळीनंतर, २१ नोव्हेंबरला, तेच ४ मिलिलिटर आठ हप्त्यांत घातले: सकाळी ८ पासून दर तासाला अर्धा मिलिलिटर, दोन हप्त्यांच्या मधल्या वेळात पात्राचे तोंड घट्ट बंद. त्या दिवशी वीज दोनदा गेली, पण तोवर मी ढवळणीचे यंत्र संगणकाच्या यूपीएसवर जोडले होते. त्याला वीज फारच थोडी लागते. या वेळी डाग नारिंगी-लाल आला.

तरीही पहिल्याच प्रयोगात आकार ६४ नॅनोमीटरने का चुकला, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नव्हता. उत्तर मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते त्या अनुमापनात निघाले. २८ नोव्हेंबरला अमोनियाचे द्रावण पातळ करून, मिथिल ऑरेंज दर्शक घालून, प्रमाणित हायड्रोक्लोरिक आम्लाने मोजले: बाटलीवर २५ टक्के लिहिलेले, आत जेमतेम १९ टक्के. प्रवासात आणि उकाड्यात वायू निसटून गेला असावा. अमोनिया कमी तर या टप्प्यात कण लहान, आणि १९ टक्क्यांचा आकडा सूत्रात घातला तर उत्तर येते सुमारे २३०. बाटली उघडली की पहिल्याच दिवशी आणि नंतर दर महिन्याला हे अनुमापन करावे, एवढी विनंती मी प्रत्येकाला करीन. बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवल्यामुळे माझे तीन महिने गेले.

नवी बाटली आली ती २४ टक्के भरली, आणि त्याप्रमाणे मी मात्रा बदलली. दुसरी काळजी तापमानाची होती. तापमान वाढले की कण लहान होतात, आणि डिसेंबरातही आमच्याकडे दुपारी खोलीत ३१ अंश असते. म्हणून सकाळी ६ वाजता, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून आणलेला बर्फ घातलेल्या पाण्याच्या टबात शंकुपात्र ठेवून पहिले दोन तास २५ अंश राखले. काका दर पाच मिनिटांनी तापमापी वाचत आणि मूठभर बर्फ टाकत. डिसेंबरात असे पाच प्रयोग केले. त्यांतील चारांमध्ये निळसर झाक येण्याचा वेळ एकमेकांच्या दहा सेकंदांच्या आत होता. पाचव्यात तो लांबला, आणि त्या दिवशी अमोनियाचे पिपेट मी घाईत वाचले होते.

१८ जानेवारी २०२४ला तीन नमुने घेऊन पुन्हा मुंबईला गेले; ३,१८६ रुपये लागले. एकदम टीईओएस ओतलेल्या नमुन्याविषयी वर लिहिलेच आहे. हप्त्यांनी वाढवलेले कण सारखे होते. डिसेंबरात बीजाशिवाय थेट केलेल्या नमुन्यातील २०० कण मी चित्रावर एकेक करून मोजले: सरासरी २९८ नॅनोमीटर, प्रमाण विचलन ११, म्हणजे ३.७ टक्के. मोजणीसाठी किमान चार वेगवेगळ्या जागांची चित्रे मागावीत, कारण चालक साहजिकच सर्वांत सुंदर जागा दाखवतो, आणि आपल्याला हवी असते ती खरी सरासरी.

स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे मार्चच्या अखेरीस परत मिळाले. अहवाल सरांनी फेब्रुवारीतच मान्य केला होता. २९८ नॅनोमीटरच्या त्या नमुन्याची काचपट्टी मी प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवली आहे. काका सकाळी खोली उघडली की ती उचलून उजेडात धरतात. सरळ पाहिले तर लाल, आणि हळूहळू कलती केली तर नारिंगी, पिवळी, मग हिरवी.